दिलेली वाट

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवर म्हातारी मानसं, शाळंतली लेकरं अन् कुत्री, एवढंच ऱ्हातं. बाकी समदी ऊस तोडायला जात्यात. शिरूर कासार तालुक्यातलं कोणतं बी गाव घ्या, हीच गत हाय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. मी दगडाबाई अन् माझा नवरा अभिमन्यू, आमी बी लगीन झाल्यापासून एक कोयता. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पर किती येळा 'हे' 'हे' करू? घेते नाव. जे व्हायचं ते होऊन गेलंय.

आमी उसाच्या फडावर असताना हिकडं रेल्वेचा भराव पडला. दोन पुरुस उंच मुरूम टाकला त्यांनी, अन् नेमका वस्ती अन् गावाच्या मधी. गाव पल्याड, शाळा पल्याड, दवाखाना पल्याड, आमी अल्याड. लेकरं दप्तर घेऊन खडीवरनं चढायची अन् पल्याड बुडावर घसरत उतरायची. दुधाची कॅन डोक्यावर घेऊन बाया चढायच्या. वरनं अजून गाडी धावत नव्हती म्हून चाललं. ती सुरू झाल्यावर काय, ह्या इचारानं म्हाताऱ्या मानसांनी वरडा केला, तवा रेल्वेचा सायब आला. भरावाखालून बोगदा करून देतो म्हणला, रेल्वे वरनं जाईल, मानसं-गाड्या खालनं. पर तुमची जुनी वाट कोणती ती दाखवा, तितंच करता येईल.

दाखवायला व्हतं कोण? माझा सासरा, सुग्रीवतात्या.

आता वाटंचं खरं सांगते. जुनी गाडीवाट आप्पारावच्या वावरातनं व्हती. आप्पाराव म्हंजी गावातला मोठा बागायतदार, पुढाऱ्यांत ऊठबस असल्याला. त्यानं एका उन्हाळ्यात वाट नांगरून टाकली अन् काटी लावली. वस्तीतली मानसं हातापाया पडली, तर म्हणला, "उडत जा." तवा मामांनी, म्हंजी माझ्या सासऱ्यानं, आपल्या दीड एकरातनं वाट सोडली. एवढूसं रान, त्यातनं बैलगाडी जाईल एवढा पट्टा. सासूबाई तवा हयात व्हत्या, त्यांनी लई आदळआपट केली. पर मामांचं एकच, "वाट आडवणाऱ्याला मेल्यावर वाट घावत न्हाई." वस्तीतल्या बाया अजून त्यांच्या पाया पडायच्या. म्हाताऱ्याजवळ दुसरं व्हतंच काय मिरवायला? न धड रान, न धड घर. ती दिलेली वाट हीच त्याची श्रीमंती.

सायबानं त्याला खुर्चीवर बसवलं, च्या पाजला. "तात्या, तुमच्यासारखी मानसं आता ऱ्हायली न्हाईत," म्हणला. चढवलं हरभऱ्याच्या झाडावर, अन् म्हातारा चढला.

"लिव्हा सायब, वाट माझ्या रानातनं हाय."

"कवापासून?"

"बापजाद्यापासून!"

बापजाद्यापासून कसली! आरोही, म्हंजी माझी लेक, पोटात व्हती तवा सोडल्याली वाट. पर आप्पाराव समोर उभा व्हता ना. ज्यानं उडत जा म्हणलं, त्याच्यादेखत आपलं मोठेपण सांगायचं व्हतं म्हाताऱ्याला. अन् आप्पारावनं बी मान डोलावली. त्याला काय, त्याचं रान वाचलं.

मामांनी लगोलग फडावर फोन लावला. "आपल्या रानातनं बोगद्याची वाट जानार हाय," म्हणले. आवाज असा, जसं लगीन ठरलंय. मी मोळी बांधत व्हते, फोन खांद्यात धरून म्हणलं, "बरं झालं मामा, आरोहीला शाळंत जाया बरं." आमच्या ध्यानातच आलं न्हाई. त्या वाटंच्या कडंला आमची इहीर व्हती, अन् तवा ती इहीर नव्हती, नुसता कोरडा खड्डा व्हता.

त्या खड्ड्याचं बी ऐका. फडावरनं आलं की मानसं हात-पाय सोडून पडत्यात. आमी पडलो न्हाई. उसाच्या पाल्यानं चिरल्याले हात भरायच्या आत पहार धरायचो. अभिमन्यू खाली फोडायचा, मी बुट्टीनं वर ओढायचे, मामा वर कप्पीजवळ बसून दगड लांब टाकायचे. मुरूम संपला, मांजऱ्या दगड लागला, मंग काळा पाषाण. पहारंचं टोक वाकायचं पर दगड हलायचा न्हाई. मानसं हसायची. "अभ्या, पाताळात चाललाय का बे?" म्हणायची. दरसाल दिवाळीला खड्डा तसाच सोडून फडावर जायचं अन् आल्यावर परत उतरायचं. एक साल तर आत साप निघाला, तेवढाच काय तो इहिरीतनं निघाला.

त्या फोनच्या साली आमी चैतात आलो. वैशाखात एक दिस अभिमन्यू खालनं हाका मारायला लागला. मला वाटलं दगड पडला अंगावर. वाकून बघते तर हा येडा चिखलात बसल्याला, तोंडाला गारा फासल्याला, अन् हसतोय. दगडाच्या भेगंतनं पाणी येत व्हतं, बोटभर धार. मी दोर धरून तशीच उतरले. ओंजळीत घेतलं, तर गढूळ, मातीचा वास येनारं. प्याले तसंच. असं पाणी मी जन्मात प्याले न्हाई. वर मामा पागोट्यानं डोळे पुसत व्हते. कोंबडं कापलं, वस्तीला जेवण दिलं.

पाऊस बी बरा झाला. इहिरीत पुरुसभर पाणी थांबलं. त्या दिवाळीला मुकादमाचा ट्रॅक्टर आला अन् आमी गेलो न्हाई. समदी वस्ती ट्रॉलीत चढली, भांडी, लेकरं, कोंबड्या, अन् मी हातात केरसुणी घेऊन दारात उभी. बाया म्हणल्या, "मजा हाय बाई दगडाबाईची." मी म्हणलं, "हायच!" खोटं कावून बोलू? मजाच व्हती. गहू पेरला, मेथी-कोथमीर लावली, एक गाय घेतली. आरोही शाळंतनं आली की मी घरात असायचे. पोरगी सारखी माझ्या पदराला धरून हिंडायची, एवढी मोठी घोडी! "आई, आता जायचं न्हाई ना कधीच?" इचारायची. मी म्हणायचे, "इहिरीला पाणी हाय तवर न्हाई."

गहू इतभर झाला अन् बोगद्याची मानसं आली.

सकाळी मी पाणी धरत व्हते. बघते तर दोन पोरं पांढरी फक्की टाकत आमच्या रानातनं येत्यात. एक रेघ गव्हातनं गेली. दुसरी रेघ इहिरीच्या काठाला आली, थांबली, अन् पल्याडच्या काठावरनं परत सुरू झाली. मी खोरं टाकून पळाले. अभिमन्यूनं पोराच्या हातातली फक्कीची पाटीच हिसकली. कंत्राटदाराचा सायब गाडीतनं उतरला, मानूस तसा गरीब व्हता बोलायला.

"हे बघा, बोगदा खोल जातो. उतार काढायला लांबून रस्ता घ्यावा लागतो. इहीर बरोबर उतारात येते."

"मंग सरकवा की!"

"कुठं सरकवू? जुना वहिवाटीचा रस्ता म्हून तुमच्याच वडिलांनी सांगितल्याला हाय. रस्त्याच्या जागंला मोबदला नसतो. अन् इहिरीची तर कुठं नोंदच न्हाई."

नोंद कुठनं असनार? खड्ड्याची कुणी नोंद करतं का?

मंग सायबच म्हणला, की एक मार्ग हाय. तुमच्या वडिलांनी चार लोकांत सांगावं, की माझं चुकलं, जुनी वाट आप्पारावच्या रानातनं हाय. मंग हे काम थांबल अन् नव्यानं ठरल. कवा ठरल ते मला सांगता येनार न्हाई.

त्या रात्री घरात चूल पेटली पर कुणी जेवलं न्हाई. अभिमन्यू बापाफुडं बसला. "दादा, काय खोटं बोलायचं न्हाई. हाय ते खरंच सांगायचं. वाट आप्पारावच्या रानातनं व्हती, त्यानं मोडली. एवढं बोला."

मामा म्हणले, "बोलतो."

"नक्की?"

"तुमच्या दोघांचं रगत हाय त्या इहिरीत. मला कळत न्हाई व्हय? बोलतो."

दुसऱ्या दिशी भरावाच्या पायथ्याला बाभळीखाली मानसं जमली. फडावर गेल्याल्यांची म्हातारी आईबापं, लेकरं कडंवर घेतल्याल्या आज्या. शाळंला निघाल्याली पोरं बी थांबली, त्यात आमची आरोही. आप्पाराव पांढरी कापडं घालून आला अन् मामांच्या पायालाच हात लावला. मेल्यानं जन्मात कधी वाकून बघितलं नव्हतं.

"सुग्रीवतात्या, तुमी सांगा," म्हणला. "तुमी म्हणाल ते वस्तीला मान्य. वाट माझ्या रानातनं म्हणा, मी उद्याच वकील लावतो, चालू दे खटला दहा वर्सं. न्हाईतर तुमी देव मानूस, समद्यास्नी माहीत हाय."

मामा उठले. धोतराचा सोगा हातात धरला अन् उगंच गोळा करत ऱ्हायले. मी मनात म्हणत व्हते, बोला मामा, बोला. अभिमन्यू त्यांच्या तोंडाकडं बघत व्हता. तेवढ्यात रतनबाई बोलली. आमच्या शेजारची म्हातारी, तीन नातवंडं तिच्या गळ्यात घालून लेक-सून फडावर गेल्याली. ती म्हणली, "तात्या, तवा तुमी वाट दिली म्हून आमी जगलो. आता बी तुमच्याच हातात हाय. वरनं गाडी सुरू झाली तर ही लेकरं मी कशी सांभाळू?" अन् तिनं पदर पसरला.

मामांनी आप्पारावकडं बघितलं, मंग रतनबाईच्या पदराकडं. आमच्याकडं काय बघितलं न्हाई.

"वाट माझ्या रानातनं हाय," मामा म्हणले. "म्या दिल्याली हाय. दिल्याली वाट म्या मोडत न्हाई."

मानसांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! मला वाटलं एकेकाचं थोबाड फोडावं. अन् राग तरी कुणाचा करायचा? रतनबाईचं खोटं व्हतं का? न्हाई. माझीच लेक त्या खडीवरनं जायची. अभिमन्यू बापाजवळ गेला, हळू आवाजात म्हणला, "दादा, आजपासून तुमचं-माझं बोलणं सरलं." अन् तो चालत रानात गेला.

तो शब्दाला बापासारखाच. बोलला न्हाई तो बोललाच न्हाई.

इहीर बुजवायला पप्पू आला, जेसीबी घेऊन. शेजारच्या वाडीतलाच पोरगा. मशीन आणून उभं केलं अन् बंद करून खाली उतरला. "वहिनी, मी पाण्याच्या इहिरीत पयला दगड टाकनार न्हाई," म्हणला. "आमच्या आज्यानं सांगितलंय, चालू पाणी बुजवलं तर वंस बुडतो. ज्यानं खांदली त्यानंच आदी निरोप द्यावा. मंग मी हाय."

त्याचं बरोबर व्हतं. आमच्याकडं तशीच रीत हाय. म्हून मी न्हाले, नवं लुगडं नेसले. खण, नारळ, तांदूळ घेतलं अन् इहिरीची ओटी भरली, लेकीला सासरी धाडताना भरत्यात तशी. हळद-कुकू पाण्यावर पसरलं. एक घागर शेंदून काठावर ठिवली. मला रडायचं नव्हतं, ह्या मानसांफुडं तर न्हाईच. पर नारळ पाण्यात बुडून परत वर आला ना, तवा मला आवरलं न्हाई.

आता दगड टाकायचा व्हता. मामा लांब उभे व्हते. अभिमन्यूनं वाकून एक काळा दगड उचलला, आमीच फोडून काढल्याला. तो घेऊन बापाजवळ गेला अन् त्यांच्या हातात दिला. दगड जड व्हता, पोटाशी धरून, पाय फरफटत काठापर्यंत आले. मला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला कुणीतरी धरावं. कुणी धरलं न्हाई, मी बी न्हाई. दगड सोडला. बुळुक करून आवाज आला. पप्पूनं मशीन सुरू केलं अन् दुपारपर्यंत जागा सपाट झाली.

गव्हाचं काय सांगू? पाण्यावाचून पिवळा पडला तो जनावराला टाकला. पुढं गाय बी विकली. अन् पोटाला तर पायजे, म्हून आमी त्याच बोगद्यावर कामाला गेलो. मी घमेलं वाह्यचे, अभिमन्यू सळया बांधायचा. काँक्रीटला रोज पाणी मारायला लागतं, तर पाणी कुठनं येनार? आप्पारावच्या इहिरीवरनं टँकर यायचा, इकत. टँकरच्या नळाखाली मी गोणपाट भिजवायचे अन् भिताडावर टाकायचे. पायाखाली आमची इहीर. हसू यायचं मला कधी कधी, खरं सांगते, येड्यावानी हसू यायचं.

मामा दिसभर अंगणात बसायचे. पोरगा घरात आला की उठून गोठ्यात जायचे. गोठ्यात गाय तर नव्हतीच. जेवण मी तितं न्यायचे. एक दिस मला म्हणले, "सूनबाई, तवा तितं खड्डाच व्हता गं." मी म्हणलं, "माहीत हाय मामा. जेवा."

बोगदा झाला. वरनं रेल्वे सुरू झाली, पोरं हात हलवायला पळायची. आरोही खालनं शाळंला जायला लागली, चप्पल न घसरता. महिना-दोन महिने बरं चाललं. मंग पावसाळा आला अन् बोगद्यात पाणी भरलं. समदीकडंच भरतं म्हणं. पर पाऊस उघडला तरी आमच्या बोगद्यातलं पाणी हटंना. सायबानं इंजिन लावून उपसलं, चार दिसांत परत गुडघ्याला. इंजिन घेऊन तो दुसऱ्या कामावर गेला. कोपऱ्यातल्या सांध्यातनं पाणी यायचं, बारीक, सारखं, बोटभर धार. मी बघितली अन् वळखली. झऱ्याला कुठं ठावं असतं, की आपल्याला बुजवलंय?

लेकरं परत खडीवरनं जायला लागली. अन् आता वरनं गाडी धावती.

मंग वस्तीची तोंडं फिरली. टाळ्या वाजवल्याल्या त्याच मानसांनी पार बदलली भाषा. "म्हाताऱ्यानं पाण्यात वाट दिली." "एवढा पुळका व्हता तर कोरड्या जागंतनं द्यायची." रतनबाई तेवढी त्यांच्यात नव्हती. मामांनी समदं ऐकलं. एक दिस सकाळी उठले, माझं कामावरचं फुटकं घमेलं घेतलं अन् बोगद्यात उतरले. पाणी भरायचं, उतार चढून वर यायचं, नालीत ओतायचं. परत उतरायचं. शाळंच्या येळंपर्यंत लेकरांपुरती एक कड मोकळी व्हायची. दुपारपर्यंत परत भरायची. पाय पांढरे पडले त्यांचे, बोटांच्या सांदी कुजल्या. मी तेल-हळद लावायचे. अभिमन्यू बघायचा अन् बाहेर जायचा.

दिवाळी आली. रान कोरडं, घरात दाणा न्हाई. दुसरं काय करनार? अभिमन्यूनं मुकादमाला हा म्हणलं. आरोहीनं माझ्या पिशवीत कोयता ठिवला, गोणपाटात गुंडाळून. पोरगी मोठी झाली.

ज्या दिशी निघायचं, त्या दिशी मामा दिस उगवायच्या आधीच घरात नव्हते. ट्रॅक्टर भरला. दोन ट्रॉल्या, मानसं, भांडी, लाकडं. मी अन् अभिमन्यू मागच्या ट्रॉलीत कडंला बसलो. आरोही दारात उभी, घर अन् आजा आता तिच्याच गळ्यात. ट्रॅक्टर उताराला लागला अन् डायवरनं ब्रेक दाबला.

मामा बोगद्यात मांडीभर पाण्यात व्हते. धोतर खोचल्यालं, अंगावर गंजी, हातात ते घमेलं. रातभर पाणी चढल्यालं व्हतं, अन् म्हातारा कवापासून उपसत व्हता देव जाने. ट्रॅक्टर बघून तो भिंतीला चिकटला. हात वर केला अन् डायवरला खुणावलं, येऊ दे, येऊ दे.

"मधी खोल हाय का तात्या?" डायवर वरडला.

"न्हाई, न्हाई. म्या काढलंय. ये, सरळ ये. थांबू नको."

ट्रॅक्टर पाण्यात उतरला. चाकानं लाट उठली अन् म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत गेली. तो भिंतीला पाठ लावून उभा ऱ्हायला, घमेलं छातीशी धरून, आमची ट्रॉली त्याच्या तोंडाजवळनं गेली. त्यानं मान वर केली. मी "मामा" म्हणलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, पोराकडं बघितलं.

अभिमन्यू ताडकन उभा ऱ्हायला. "थांबव!" वरडला. "थांबव बे ट्रॅक्टर! माझा बाप हाय तितं! दादा! दादा, वर या!"

बोगद्यात इंजिनाचा आवाज एवढा, की कुणाला काय ऐकू गेलं न्हाई. अन् पाण्यात डायवर थांबतो व्हय? थांबला की इंजिन बसतं, मंग समदीच आडकतात. त्यानं रेस दिली अन् आमी पल्याडच्या उतारावर चढलो. अभिमन्यू ट्रॉलीची फळी धरून वाकला व्हता, उडीच मारतो की काय म्हून मी त्याचा सदरा धरून ठिवला.

मागं दुसरा ट्रॅक्टर उताराला लागला व्हता. म्हातारा परत भिंतीला चिकटला अन् त्यानं हात वर केला.